रुमालाखालचा भाव

मी निर्दोष आहे असे सांगणारा सरकारी कागद माझ्या ट्रंकेत आहे. टाइप केलेला, खाली सही, बाजूला शिक्का. तो मिळवायला मला अकरा महिने लागले, आणि माझ्याशी आपुलकीने बोलणारे जे एक माणूस होते ते त्या कागदापायी मला दुरावले. सरकारने माझा मक्ता मला परत दिला. बाकीचे परत देणे सरकारच्या हातात नव्हते हे मला कळते. पण राग असा कळल्याने जात नाही.

मी मूळचा पहूरकडचा. विशीत असताना एका बैलजोडीवरून भावांशी भांडलो आणि अंगावरच्या कपड्यांनिशी जळगावला आलो. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या, एका सुताराच्या हाताखाली रंधा ओढला, आणि तिसाव्या वर्षी पिंप्राळ्याच्या रस्त्याला स्वतःचा कारखाना घातला. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, चार सुतार आणि लाकूड कापायला खणलेला खड्डा. लग्न झाले नाही. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही ठिकाणी मी मानपानाच्या यादीवरून भांडून उठलो. चौथ्या ठिकाणाहून कोणी आलेच नाही. मला कोणी काही दिले नाही, जे केले ते मी केले, हे वाक्य मी त्या काळी दिवसातून दोनदा तरी म्हणत असे. सुतारांना ते पाठ झाले होते.

माझे लाकूड धुळ्याहून येई. तिथे आबांची वखार होती. आबा माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, बुटके, आवाज इतका हळू की वखारीत करवत चालू असली तर त्यांच्या ओठांकडे बघावे लागे. पश्चिमेच्या जंगलातून उतरलेला साग त्यांच्याकडे येई आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांतले लाकूडवाले तो त्यांच्याकडून नेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्याने भाव विचारला. वखारीतली माणसे हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात असेच चालते. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात. एक बोट धरले तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. ते रुपये की आणे, हे त्या दोघांना ठाऊक असते. भोवती दहाजण उभे असले तरी कोणाला काही कळत नाही. पटले तर हात दाबायचा, नाही पटले तर झटकायचा. आणि रुमालाखाली ठरलेला भाव तिसऱ्याला सांगायचा नाही. ही शेवटची गोष्ट कोणी शिकवत नाही, कारण ती सगळ्यांना आधीच माहीत असते.

माझा सौदा कधी झटकन आटोपला नाही. मी हात झटकून उठे, फाटकापर्यंत जाई, परत येऊन बसे. आबा चहा मागवत. मी पुन्हा हात घाले आणि त्यांचे बोट असे आवळे की ते म्हणत, "अरे, मोडी टाकशी का आते?" दुपार कलली की ते एकदाचा हात दाबत आणि मी जिंकलेला असे. परतीच्या मोटारीत मी खिडकीशी बसून एकटाच हसत असे. वर्षातून सहा-सात वेळा मी धुळ्याला जाई. दुसऱ्या माणसाचा हात माझ्या हाताला लागे तो तेवढाच.

त्या वर्षांत मराठी शाळांचा कारभार जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे आला होता. गावोगाव नव्या शाळा निघत होत्या. वरच्या वर्गांना बाके, भिंतीला फळे, मास्तरांना टेबल-खुर्ची असे काम बोर्ड मक्त्याने देई. बंद पाकिटात दर लिहून द्यायचा, सगळ्यांत कमी दर ज्याचा त्याला काम. तीन वर्षे ओळीने माझे पाकीट सगळ्यांत कमी निघाले. खूप कमी नाही, पण दरवेळी थोडेसे कमी. जळगावातल्या दुसऱ्या तिघा लाकूडवाल्यांना ते सहन झाले नाही. कचेरीतले कोणीतरी आमची पाकिटे वाफेवर उघडते आणि याला आकडा सांगते, असे ते चहाच्या दुकानात बसून बोलत. पुढे बोर्डाच्या इतरही कामांविषयी एक निनावी अर्ज वर गेला. त्यातले बाकीचे खरे होते की खोटे, मला माहीत नाही. माझ्यापुरते त्यात जे होते ते खोटे होते.

सरकारने चौकशी लावली. एक खास अंमलदार आला आणि कचेरीच्या आवारातल्या दोन खोल्यांत बसला. चौकशी संपेपर्यंत बोर्डाचा प्रत्येक मक्ता त्याच्या देखरेखीखाली राहील, त्याच्या सहीशिवाय एक खिळाही शाळेत जाणार नाही, असा हुकूम निघाला. बाक तयार झाले की त्याचा माणूस येऊन मोजणार, पाहणार, आणि पसंत पडले तर पोटाखाली तापल्या लोखंडाचा डाग देणार, जसा गुरांना देतात. डाग नसलेले बाक शाळेत दिसले तर मी गुन्हेगार.

माणूस आला, मोजून गेला. डाग दिला नाही. "साहेबांचा निकाल झाल्यावर," म्हणाला.

बाके साठत गेली. आधी छपराखाली, मग अंगणात, मग कुंपणापर्यंत. काम नाही म्हणून सुतार एकेक करून निघून गेले. शेवटचा जाताना म्हणाला, "भाऊ, तुमची शाळा भरली, पोरं तेवढी आणा आता." मी त्याच्यावर खवळलो. तो गेल्यावर दिवसभर बोलायला कोणी उरले नाही, तेव्हा खवळायलाही कोणी उरले नाही. दुपारी मी पुढच्या ओळीतल्या बाकावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खात असे. ती बाके लहान मुलांच्या मापाची. गुडघे छातीला लागत. मागे पन्नास-साठ रिकामी बाके. रस्त्याने जाणारे ओळखीचे लोक कुंपणाकडे न बघता पुढे जात. चौकशीत असलेल्या माणसाशी बोलले तर आपलेही नाव कागदावर येईल, ही भीती. जामनेरचा एक मास्तर पूर्वी दर महिन्याला बाकांची विचारपूस करायला येई. तो मला बाजारात दिसला आणि भाजीवालीच्या पाटीमागे वाकला. मी तिथेच उभा राहिलो. बराच वेळ झाला तरी तो वाकलेलाच होता, तेव्हा मला त्याची कीव आली आणि मी निघालो.

पाचव्या महिन्यात मला बोलावणे आले.

साहेब चाळिशीचा, चष्मेवाला, पुण्याकडचा. बोलणे सभ्य. शेजारी एक कारकून लिहायला बसला होता.

"तुमचा दर दरवेळी इतरांपेक्षा कमी कसा?"

"मला लाकूड स्वस्त पडते."

"केवढ्याला पडते?"

"ते सांगता येत नाही, साहेब."

"का?"

"रुमालाखाली ठरलेले आहे."

कारकुनाने लेखणी थांबवली. "साहेब, रुमालाखाली असेच लिहू?"

साहेबाला राग आला नाही, कुतूहल वाटले. करून दाखवा म्हणाला. त्याने खिशातला रुमाल काढला, पण तो एवढासा. दोन हात त्याखाली मावेनात. शेवटी पट्टेवाल्याने आपले उपरणे दिले. सौदा कशाचा करायचा, तर साहेब बसले होते त्याच खुर्चीचा, असे मी म्हटले. साहेबाने उपरण्याखाली हात घातला. हात मऊ, बोटे शाईने डागाळलेली असणार असे मला उगीचच वाटले. मी दोन बोटे धरली. त्याने माझा सगळा पंजा धरला आणि विचारले, "पाच रुपये?"

"साहेब, तोंडाने नाही."

पट्टेवाला तोंडावर हात ठेवून हसला. कारकूनही हसला. साहेबालाही हसू आले. पाच महिन्यांत माझ्यासमोर कोणी हसले ते तेव्हाच, आणि खोटे का सांगू, मला तिथून उठावेसे वाटेना. मी त्या खुर्चीचा भाव साडेतीन रुपयांवर पाडला.

हात काढून घेतल्यावर साहेब गंभीर झाला. "हे सगळे ठीक. पण वर लिहायचे काय? उपरण्याखाली खरे सापडले? ज्याने तुम्हाला लाकूड विकले त्याला आणा. त्याने माझ्यासमोर भाव सांगितला आणि तुमचा दर त्यात बसला, तर पाकीट फोडल्याचा आरोप पडतो. पंधरा दिवसांत आणले नाही तर मक्ता रद्द, आणि नाव काळ्या यादीत. मग सरकारी शाळेत तुम्हाला कोणी खुंटीसुद्धा ठोकू देणार नाही."

दुसऱ्या दिवशीच मी पारोळ्यावरून जाणारी मोटार धरून धुळ्याला गेलो.

आबांनी सगळे ऐकून घेतले. खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्या घड्या करीत बसले.

"मी येसू," म्हणाले. "पन आधी इचार कर."

"कसला विचार?"

"दुसरास्ले काय भाव देस, तेबी साहेब इचारी."

"विचारू द्या की! सगळ्यांना देता तोच सांगा."

आबांनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "दुसरा काही इलाज देख, भाऊ."

मला संताप आला. मी वखारीतल्या माणसांसमोर ओरडलो, "दहा वर्षे तुमच्याकडून माल नेला. दुसऱ्याच्या दारात कधी गेलो नाही. आणि आज एक आकडा तोंडातून काढायचा तर जीभ जड झाली? माझे नाव काळ्या यादीत जाते आहे, आबा!"

"कसाले बोंबलस?" आबा म्हणाले. "येसू म्हनं ना."

त्यांनी मला सावध केले होते. समोरच्याच्या अंगठ्यावरून त्याच्या मनातला भाव ओळखतो अशी फुशारकी मी मारत असे, आणि ते पाहणे मला ओळखता आले नाही.

जबानीच्या दिवशी साहेबाने त्या तिघा लाकूडवाल्यांनाही बोलावले होते. त्यांच्या समक्ष होऊ द्या म्हणाला. नंतर कोणी म्हणायला नको की आत काही शिजले. ते तिघे भिंतीच्या बाकावर बसले. तेही लाकूड आबांकडूनच घेत. आबांना पाहून तिघांनी उठून नमस्कार केला.

साहेबाने विचारले, "यांना साग केवढ्याला देता?"

आबांनी भाव सांगितला. तोंडाने, मोठ्याने. त्यांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. कारकुनाने माझ्या टेंडरातला दर काढला, मजुरी धरली, हिशेब जुळला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्या तिघांकडे मान वर करून पाहिले.

"आणि या तिघांना केवढ्याला देता?"

आबा थांबले. मग सांगितले. घनफुटामागे सहा आणे जास्त.

"त्याच प्रतीचा माल?"

"तोच, साहेब."

तिघांतला वडीलधारा उठला. "आबा, आम्ही काय सावत्र आहोत?"

साहेबाने त्याला खाली बसवले आणि आबांना विचारले, "यांनाच कमी का? यांच्याशी भागीदारी आहे?"

"नही."

"नाते?"

"नही."

"मग?"

आबांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिले. "त्याले जिकानं याड शे, साहेब. हारना की जेवस नही. घरमां करी खावाले कोन शे त्याले? म्हनीसन मी हारी जास."

पट्टेवाला खानदेशातलाच, त्याने साहेबाला अर्थ सांगितला. जिंकायचे वेड आहे त्याला, हरला की जेवत नाही, घरात करून घालणारे कोणी नाही, म्हणून मी हरतो. तिघांपैकी एकजण फिस्सकन हसला. कारकुनाने विचारले, "हे कसे लिहायचे, साहेब?"

साहेब थोडा विचार करून म्हणाला, "लिहा, साक्षीदाराने स्नेहापोटी दर कमी लावला."

कारकुनाने लिहिले आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या दहा वर्षांची किंमत मी त्या एका वाक्यात, माझ्या तीन वैऱ्यांच्या समोर ऐकली. फाटकापर्यंत जाऊन परत येणे, बोटे आवळणे, मोटारीतले हसणे, सगळे.

आबांची सही झाली. आम्ही ओसरीवर आलो. तेव्हा मी गप्प राहिलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी गप्प राहिलो नाही.

"मी तुमच्याकडे भीक मागायला येत होतो का?"

"भीक नही रे, भाऊ."

"मग काय होते? लहान पोराला मुद्दाम हरतात तसे हरत होता? लोक हसले मला! मी स्वतःच्या हिमतीवर उभा आहे असे मी जगाला सांगत फिरलो, आणि तुम्ही आत बसून हसत होता!"

"मी नही हासनू." आबांचा आवाज पुन्हा हळू झाला होता. "दहा वरीस तुन्हा हात मन्हा हातमां व्हता. तुले एकदाबी नही समजनं?"

मी उलट वाईट बोललो. "यापुढे मला जगाच्या भावाने माल द्या. एक पैसा कमी नको. आणि तोंडाने सांगा."

आबा पायऱ्या उतरून मोटारींच्या अड्ड्याकडे निघाले. त्यांना जळगावातले रस्ते माहीत नव्हते. ते चुकीच्या बाजूला वळले. मी ते पाहिले आणि हाक मारली नाही. पुढे एका टांगेवाल्याने त्यांना वळवलेले दिसले.

निकाल यायला आणखी सहा महिने लागले. वरिष्ठांना वाचायचे होते, त्यांच्या वरिष्ठांना वाचायचे होते. मग तो कागद आला, बाकांना डाग बसले आणि गाड्या भरून ती गावोगाव गेली. पहूरच्या बाजूची गाडी भरली तेव्हा मी स्वतः बरोबर गेलो. मुलांनी बाकांवर उड्या मारल्या. मास्तर म्हणाला, "फार उशीर केला हो तुम्ही." भावांच्या घरावरून गाडी गेली. दार उघडे होते, पण मी उतरलो नाही.

आबांच्या वखारीचे काय झाले ते मला इतरांकडून कळत होते. जबानीची गोष्ट आठ दिवसांत दोन्ही जिल्ह्यांत पसरली होती. गिऱ्हाइके येत आणि म्हणत, आम्हालाही त्या पिंप्राळ्यावाल्याचा भाव द्या. तो भाव सगळ्यांना द्यायचा तर वखार बुडाली असती. नाही म्हटले की ते उठून जात. जे राहिले ते रुमालाखाली हात घालायला तयार होईनात. आबांच्या रुमालाखाली कोणाला किती, याचा भरवसा उरला नव्हता. ज्याच्यामुळे हे झाले तो मीच होतो, आणि तरीही माझे म्हणणे आजही असे आहे की आबांनी मला आधी सांगायला हवे होते. पहिल्याच वर्षी. मी रागावलो असतो, गेलो असतो, दुसऱ्या कोणाकडून महाग लाकूड घेतले असते. पण ते माझे असते.

पुढच्या वर्षी नवा मक्ता मिळाला, या वेळी लाकूड जगाच्या भावाने धरून, जास्त दराने. मी धुळ्याला गेलो. दुसऱ्या वखारी होत्या, तरी मी आबांकडेच गेलो. काय बोलायचे ते मी मोटारीत मनाशी जुळवले होते. माफी मागायची नव्हती. ते मला जमत नाही. नुसते जाऊन बसायचे, फाटकापर्यंत उठून जायचे, परत यायचे. त्यांना कळले असते.

फाटकातून आत गेलो तर खांबाला एक पाटी टांगलेली. तिच्यावर खडूने प्रत्येक प्रतीच्या सागाचा भाव लिहिला होता. सगळ्यांना एकच. आबा गादीवर बसले होते. खांद्यावर रुमाल होता.

"या शेट, बसा," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी शेट म्हटले नव्हते. मी बसलो.

"पाटीवरचा भाव पाहिला?" त्यांनी विचारले. माझ्याशी ते आता शहरातल्यासारखे बोलत होते.

"पाहिला."

"पटतो?"

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार होतो? कमी करा म्हटले असते तर त्या जबानीवर पुन्हा शिक्का बसला असता. त्यांनी गुमास्त्याला हाक मारली, माल दाखवायला सांगितले आणि समोरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. चहा आला नाही. सगळा सौदा एक विडी ओढून व्हायच्या आत आटोपला.

परतीची मोटार चार वाजता होती आणि सकाळचे दहाही वाजले नव्हते. धुळ्यात मला दुसरे कोणी माहीत नव्हते. मी पांझरेच्या काठाने फिरलो, एका दुकानात शेव-मुरमुरे घेतले, ते अर्धे टाकले, आणि दुपारी अड्ड्यावर येऊन बसलो. मोटारवाल्याच्या एजंटाने तिकीट फाडले. मी त्याला म्हटले, दोन आणे कमी घे. मोटारीच्या तिकिटाचा दर ठरलेला असतो हे मला चांगले माहीत होते. तरी मी भांडलो. मागे रांग थांबली, एक बाई काखेत पोर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "घ्या ना हो दादा लवकर." एजंटाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिकीट फळीवर ठेवले आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाला विचारले, "तुम्हाला कुठे जायचे?"